कॅलगूर्ली : सोन्याच्या गावात पाण्याचा माग

पाणवठा

पर्थपासून पूर्वेकडे सुमारे ६०० किलोमीटर गेल्यावर कॅलगूर्ली-बोल्डर हे जोडगाव लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात येणारे आपल्याकडचे बहुतेक पाहुणे समुद्रकिनारे पाहतात, फार तर दक्षिणेकडचे द्राक्षमळे पाहतात आणि परत जातात. कॅलगूर्लीला जाणारा विरळाच, आणि गेलाच तर 'सुपर पिट' ही प्रचंड उघडी खाण पाहून दुसऱ्या दिवशी माघारी फिरतो. पहिल्या खेपेस मीही तसेच केले होते. दुसऱ्या खेपेस वडील सोबत होते. त्यांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली असल्यामुळे महामार्गाच्या कडेने तासन्‌तास सोबत धावणारी पोलादी जलवाहिनी पाहून त्यांना राहवेना. ही कुठून येते, किती चढ चढते, मध्ये किती ठिकाणी पंप बसवले आहेत, असे प्रश्न ते विचारत राहिले आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता आमच्या प्रवासाचा क्रमच बदलला. तेव्हापासून माझे असे ठाम मत झाले आहे की हा परिसर पाहायला निघणाऱ्याने सोन्याच्या आधी पाण्याचा माग काढावा. तसे केले की गावातली प्रत्येक इमारत आणि गावाबाहेरचे प्रत्येक ओसाड ठिकाण आपोआप अर्थपूर्ण होऊ लागते.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. सप्टेंबर १८९२ मध्ये आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड या दोघांना कूलगार्डी येथे सोने सापडले आणि बेलीने ५५४ औंस सोने घेऊन जाऊन त्याची सरकारदरबारी नोंद केली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये पॅडी हॅनन, टॉम फ्लॅनगन आणि डॅन शे या तीन आयरिश शोधकांना कूलगार्डीपासून सुमारे ४० किलोमीटरवर माउंट शार्लटजवळ सोने मिळाले; हॅननने १७ जून १८९३ रोजी दावा नोंदवला आणि काही दिवसांतच शेकडो माणसे तेथे येऊन थडकली. ज्या भूमीवर ती आली तेथे वर्षाला जेमतेम २६० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बारमाही नदी एकही नाही. ग्रॅनाइटच्या खडकांतील नैसर्गिक खोलगट कुंडांत साठणारे पावसाचे पाणी हाच इथल्या मूळ रहिवाशांचा, म्हणजे वांगकाजा लोकांचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार होता. दगडाची चीप झाकण म्हणून ठेवून ते ही कुंडे जपत असत. हजारो माणसे आणि जनावरे आल्यावर ती किती दिवस पुरणार? मग खारट तळ्यांचे आणि विहिरींचे पाणी लाकडाच्या भट्ट्यांवर उकळून, त्याची वाफ थंड करून गॅलनच्या हिशेबाने विकले जाऊ लागले. आंघोळीला पाणी नाही, मैला वाहून न्यायला पाणी नाही, अशा वस्तीत विषमज्वराच्या साथी आल्या आणि त्यांत तरुण माणसे मोठ्या संख्येने दगावली. कूलगार्डीच्या दफनभूमीत त्या काळातल्या कबरींवरील वये वाचताना वडील बराच वेळ काही बोलले नाहीत.

यावर उपाय काढला तो वसाहतीचे मुख्य अभियंता सी. वाय. ओकॉनर यांनी. पर्थजवळच्या डोंगरात मंडेरिंग येथे धरण बांधायचे आणि तेथून ५३० किलोमीटर लांब जलवाहिनीतून, वाटेत आठ पंपगृहे उभारून, दिवसाला ५० लाख गॅलन, म्हणजे सुमारे २ कोटी २७ लाख लिटर पाणी सोनेभूमीपर्यंत चढवायचे, अशी ती योजना होती. उगमापासून शेवटापर्यंतचा चढ ३०० मीटरहून अधिक आहे. धरणातून पाणी उताराने नेणे आपल्या ओळखीचे आहे, पण येथे सारा प्रवाह वाफेच्या पंपांनी उलट दिशेला ढकलायचा होता. वडिलांना सर्वांत आवडली ती नळाची घडण. अर्धगोल वाकवलेले दोन पोलादी पत्रे समोरासमोर ठेवून, त्यांच्या कडा एका खाचेच्या पट्टीत बसवून ती पट्टी दाबून बंद करायची, म्हणजे नळाला लांबीभर एकही रिव्हेट लागत नाही आणि गळतीही कमी होते. मेफन फर्ग्युसन यांची ही पद्धत होती आणि असे सुमारे ६० हजार नळ एकमेकांना जोडले गेले. २४ जानेवारी १९०३ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाचे माजी प्रीमियर जॉन फॉरेस्ट यांच्या हस्ते कूलगार्डी आणि कॅलगूर्ली या दोन्ही ठिकाणी योजनेचे उद्घाटन झाले. आजही या गावांचे पाणी मंडेरिंगच्या बाजूनेच येते.

म्हणून माझी सूचना अशी की पर्थहून निघाल्यावर पहिला थांबा मंडेरिंगच्या धरणाचा घ्यावा. धरणाखाली पहिले पंपगृह जतन केलेले आहे. पुढे कंडरडिन येथे तिसऱ्या क्रमांकाच्या पंपगृहात आता संग्रहालय आहे आणि त्याचे विटांचे उंच धुराडे दुरूनच दिसते. मेरेडिन येथे चौथ्या क्रमांकाच्या जागी वेगवेगळ्या काळांतली पंपघरे शेजारी-शेजारी उभी असल्यामुळे वाफेपासून विजेपर्यंतचा बदल एका फेरीत कळतो. मग सदर्न क्रॉस आणि कूलगार्डी करत संध्याकाळी कॅलगूर्लीत पोहोचावे आणि मुक्कामाच्या ठिकाणी सामान टाकण्याआधी माउंट शार्लटच्या टेकडीवर जावे. तेथे या पाण्याचा अखेरचा जलाशय आहे. टेकडीवरून गाव, खाणींचे मनोरे आणि क्षितिजापर्यंतचे विरळ रान दिसते. जेथे हॅननला सोने सापडले त्याच्या अगदी जवळ, त्याच टेकडीवर पाणी येऊन पोहोचले, हा योग मला या प्रवासातील सर्वांत मोलाचा वाटला.

ज्यांनी हा भाग अधिक पाहिला आहे त्यांनी आपले अनुभव येथे सविस्तर लिहावेत. विशेषतः उत्तरेकडच्या ग्वालिया या ओसाड गावाविषयी मला जाणून घ्यायचे आहे, कारण आमचे तेथे जाणे राहून गेले.

भूगर्भ

उत्तम लेखन. मात्र एका मुद्द्यावर मी मतभेद नोंदवतो. सुपर पिट पाहून परतणाऱ्यांची चूक खाण पाहण्यात नाही; काय पाहायचे ते माहीत नसताना कठड्यापाशी दहा मिनिटे उभे राहून परतण्यात आहे.

ही खाण सुमारे साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद आणि ६०० मीटरहून खोल आहे. हे आकडे ऐकून कल्पना येत नाही, म्हणून डोळ्यांनी एक डंपर निवडावा आणि तो तळापासून वर येईपर्यंत त्याच्यावरच नजर ठेवावी. वरून खेळण्याएवढे दिसणारे ते वाहन एका खेपेला सुमारे २२५ टन दगड वाहते. मग भिंतींकडे पाहावे. पायऱ्यापायऱ्यांच्या त्या उतारांत मध्येच काळी चौकोनी भोके दिसतात. ती जुन्या भूमिगत खाणींच्या बोगद्यांची तोंडे आहेत. येथे पूर्वी ग्रेट बोल्डर, आयव्हनहो यांसारख्या अनेक स्वतंत्र खाणी होत्या. प्रत्येकीची विहीर, म्हणजे खाली उतरायचा खोल खड्डा, वेगळी, त्यावरचा मनोरा वेगळा, कंपनी वेगळी. या सर्व पट्ट्यांचे एकत्रीकरण करण्याची खटपट १९८० च्या दशकात ॲलन बाँड या उद्योगपतीने सुरू केली, १९८९ मध्ये एकच व्यवस्थापन स्थापन झाले आणि जुन्या बोगद्यांसकट सारी टेकडी वरून खाली खणली जाऊ लागली. म्हणजे आपण कठड्यावरून जे पाहतो ते शंभर वर्षांच्या भूमिगत श्रमांचे उभे छेदचित्र आहे.

'गोल्डन माइल' हे नाव याच पट्ट्याचे. आजवर येथून ५ कोटी औंसांहून अधिक सोने निघाले आहे. गंमत अशी की पहिल्या शोधकांनी या टेकड्यांकडे फारसे लक्ष दिले नव्हते. कूलगार्डीत पांढऱ्या गारगोटीत चमकणारे मोकळे सोने पाहायची त्यांना सवय झाली होती आणि येथला खडक मंद, हिरवट-करडा, दिसायला अगदी सामान्य. पुढे लक्षात आले की येथील सोन्याचा बराच भाग टेल्युरियम या मूलद्रव्याशी संयोग पावलेला आहे. असे खनिज फिकट पितळी दिसते आणि सोन्याच्या खाणीत त्याला सोने म्हणून कोणी ओळखत नाही. सुरुवातीला हा दगड निरुपयोगी समजून रस्त्यांच्या भरावात आणि पायवाटांत वापरला गेला आणि १८९६ मध्ये खरा प्रकार कळल्यावर लोकांनी तेच रस्ते उकरले, अशी गोष्ट तेथे सर्वत्र सांगितली जाते. हे सोने सोडवण्यासाठी खनिज आधी भाजावे लागे, त्यामुळे भट्ट्यांचा गंधकयुक्त धूर कित्येक दशके गावावर असे.

खाणीत सुरुंग उडवण्याची वेळ आधी जाहीर करतात. ती विचारून घेऊन जावे. भिंतीचा एक तुकडा क्षणभर वर फुगतो, खाली बसतो, मग धूळ उठते आणि आवाज त्यानंतर येतो. सोने वितळवून साच्यात ओतण्याचे प्रात्यक्षिक पाहायचे असेल तर हॅनन्स नॉर्थ या पर्यटकांसाठी राखलेल्या जुन्या खाणीत जावे. गावातल्या गोल्डफील्ड्स संग्रहालयाच्या दारातच आयव्हनहो खाणीचा लाल लोखंडी मनोरा उभा केला आहे आणि आत सोन्याची तिजोरी आहे. या संग्रहालयाला किमान तीन तास द्यावेत, असा माझा आग्रह राहील.

निळी शाई

पाणवठा, ओकॉनर यांच्याविषयी मी एका सहप्रवाशाकडून असे ऐकले होते की उद्घाटनाच्या दिवशी चावी फिरवली, पाणी आलेच नाही, आणि त्या नामुष्कीने त्यांनी जीव दिला. पाणी दुसऱ्या दिवशी पोहोचले. हे खरे आहे का? तुमच्या लेखनात त्याचा उल्लेख दिसला नाही.

पाणवठा

निळी शाई, ही गोष्ट फार पसरलेली आहे आणि ती खोटी आहे. ओकॉनर यांचा मृत्यू १० मार्च १९०२ रोजी झाला, उद्घाटन २४ जानेवारी १९०३ चे आहे. दोहोंमध्ये साडेदहा महिन्यांचे अंतर आहे. त्या सकाळी ते नेहमीप्रमाणे घोड्यावरून फ्रीमँटलच्या दक्षिणेकडील किनाऱ्यावर गेले आणि तेथे त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. योजना अशक्य आहे, पैशाचा अपव्यय आहे, त्यात भ्रष्टाचार आहे, असे आरोप वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातून त्यांच्यावर सतत होत होते. फ्रीमँटलचे बंदरही त्यांनीच बांधले होते. त्यांची योग्यता त्याआधीच सिद्ध झालेली होती. त्या किनाऱ्याला आज त्यांचे नाव आहे आणि पाण्यात घोडा व स्वार यांचे शिल्प आहे. पर्थमध्ये असलेल्यांनी कॅलगूर्लीला निघण्याआधी किंवा परतल्यावर तेथे अवश्य जावे.

चावी फिरवूनही पाणी न आल्याची गोष्ट मला अन्यायकारक वाटते, कारण त्यात एका निष्ठावान अभियंत्याच्या मृत्यूचे कारण त्याच्या गणितातली चूक ठरते. गणित बरोबर होते. वडील तर म्हणाले की वाफेच्या पंपांवर, इतक्या अंतरावर, इतक्या सांध्यांसह ठरल्याप्रमाणे पाणी पोहोचवणे हे आजच्या साधनांनीही सोपे मानता येणार नाही.

भूगर्भ, तुमचा आक्षेप मान्य. पुढच्या खेपेस डंपर निवडून पाहीन.

सांडणीस्वार

पाण्याच्या कथेत एक मधला अध्याय राहिला आहे, तो उंटांचा. जलवाहिनी १९०३ ची. रेल्वे कूलगार्डीला मार्च १८९६ मध्ये आणि कॅलगूर्लीला त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. तोवर आणि त्यानंतरही रेल्वेपासून दूरच्या खाणींपर्यंत पीठ, यंत्रांचे सुटे भाग, टपाल आणि पाणी वाहिले ते उंटांच्या तांड्यांनी. हे तांडे हाकणाऱ्यांना तेथे सरसकट 'अफगाण' म्हणत. प्रत्यक्षात त्यांच्यात पठाणांबरोबर बलुची, सिंधी, पंजाबी असे अनेक होते आणि त्यांतले पुष्कळ जण ब्रिटिश हिंदुस्थानचे रहिवासी होते. उंट आणि माणसे मोठ्या प्रमाणावर कराची बंदरातून जहाजावर चढत. आणि सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात मोडत असल्यामुळे ते बंदर त्या काळी आपल्याच इलाख्यातले होते. कूलगार्डीचा इतिहास वाचताना हा दुवा मला अनपेक्षितपणे घराजवळ घेऊन आला.

कॅलगूर्लीचा हॅनन रस्ता इतका रुंद का, याचे उत्तर तेथे असे देतात की उंटांच्या लांब तांड्याला वळसा घेऊन उलट फिरता यावे. आज त्या रुंदीच्या दोन्ही बाजूंना पॅलेस हॉटेल, एक्स्चेंज हॉटेल अशा सोन्याच्या काळातल्या इमारती आहेत आणि प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात. ती रुंदी कोणासाठी होती हेही त्यांना ठाऊक असायला हवे. ही माणसे कराराने आली, त्यांना कुटुंब आणता येत नसे, आणि १९०१ च्या स्थलांतर निर्बंध कायद्यानंतर त्यांची स्थिती आणखी बिकट झाली. कूलगार्डीत त्यांची मशीद होती. फैझ आणि ताघ महोमेत हे दोघे भाऊ त्या व्यवसायातले मोठे नाव. त्यांपैकी ताघ महोमेत यांची जानेवारी १८९६ मध्ये मशिदीत प्रार्थना करत असताना हत्या झाली. कूलगार्डीच्या दफनभूमीत अफगाणांच्या कबरींचा वेगळा भाग आहे. अर्नेस्ट गाइल्स या प्रसिद्ध भूप्रदेश-शोधकाची कबरही त्याच दफनभूमीत आहे. गाइल्सने वाळवंट पार केले तेही उंटांच्या आणि उंट सांभाळणाऱ्यांच्या जिवावर, हे लक्षात ठेवून दोन्हीकडे जावे.

आणखी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. जानेवारी १९३४ मध्ये कॅलगूर्ली आणि बोल्डर येथे इटालियन व स्लाव्ह वस्तीवर जमावाने हल्ले केले, घरे आणि दुकाने जाळली, माणसेही मेली. ज्यांनी या खाणी खणल्या त्यांच्यात इतक्या देशांची माणसे होती आणि त्यांच्यातले नाते नेहमी सलोख्याचे नव्हते.

रानपाखरू

ग्वालियाविषयी मी लिहिते, कारण आम्ही मागच्या सप्टेंबरात तेथे दोन दिवस होतो.

प्रथम नावाविषयी. मराठी माणसाला हे नाव वाचताच ग्वाल्हेर आठवते आणि शिंद्यांचा काही संबंध असावा असे वाटते. तसा संबंध नाही. ग्वालिया हे वेल्सचे जुने काव्यमय नाव आहे आणि खाणीच्या वेल्श पाठीराख्यावरून तिला 'सन्स ऑफ ग्वालिया' असे नाव मिळाले. कॅलगूर्लीच्या उत्तरेला सुमारे २३५ किलोमीटरवर लिओनोरा, आणि त्याच्या अलीकडे अगदी लागून हे गाव आहे.

१८९८ मध्ये हर्बर्ट हूवर हा अमेरिकन भूशास्त्रज्ञ येथे व्यवस्थापक म्हणून आला. तेव्हा तो जेमतेम तेवीस-चोवीस वर्षांचा होता. पुढे १९२९ मध्ये तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला. टेकडीवर व्यवस्थापकासाठी बांधलेले घर आज हूवर हाऊस म्हणून ओळखले जाते आणि तेथे मुक्काम करता येतो. व्हरांड्यातून थेट खाणीचा खड्डा दिसतो. पण खरे पाहायचे ते खाली आहे. डिसेंबर १९६३ मध्ये खाण बंद झाली आणि सुमारे बाराशे वस्तीच्या गावात काही आठवड्यांतच मोजकी चाळीसएक माणसे उरली. न्यायला परवडेल तेवढेच सामान लोकांनी नेले. नालीदार पत्रा, गोणपाट आणि हाताशी आलेले लाकूड यांच्या त्या लहान खोल्या आता जपून ठेवल्या आहेत आणि त्यांत आत जाता येते. एका खोलीत चूल, भिंतीवर चिकटवलेले वर्तमानपत्राचे कागद आणि खिळ्याला टांगलेले भांडे पाहून मी थबकले. राहणारे बहुतेक इटालियन आणि युगोस्लाव्ह खाणकामगार होते. त्यांनी दारापुढे लावलेल्या बागांच्या खुणा अजून दिसतात. तिरक्या विहिरीवरचा प्रचंड लाकडी मनोरा आणि दोर गुंडाळणारे वाफेचे यंत्र संग्रहालयात आहे. आणि या सर्वांच्या शेजारी खाण पुन्हा चालू आहे, भूगर्भात एक किलोमीटरहून अधिक खोल. ओसाड गाव आणि चालती खाण यांच्यात फक्त एक कुंपण आहे.

वाटेत मेंझिस लागते. तेथून पश्चिमेला सुमारे ५० किलोमीटर कच्च्या रस्त्याने बॅलार्ड सरोवर आहे. सरोवर म्हटले तरी ते बहुतांश काळ मिठाचा पांढरा, कोरडा सपाट पृष्ठभाग असतो. ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मली यांनी २००३ मध्ये तेथे ५१ मानवाकृती उभ्या केल्या. मेंझिसच्या रहिवाशांच्या शरीरांची संगणकीय मोजमापे घेऊन, ती आडव्या दिशेने बारीक करून, काळसर पोलादी मिश्रधातूत त्या ओतल्या आहेत. एकीपासून दुसरी दूर आहे, त्यामुळे सर्व पाहायच्या तर काही किलोमीटर चालावे लागते, आणि आधी गेलेल्यांच्या पावलांच्या रेषा मिठावर उमटलेल्या दिसतात. सूर्य उगवताना किंवा मावळताना जावे. दुपारी मिठावरून परावर्तित होणारे ऊन डोळ्यांना सोसवत नाही.

झाडांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहिते. 'वाळवंट' हा शब्द या भागाला शोभत नाही. कॅलगूर्लीच्या भोवतीचे रान हे ग्रेट वेस्टर्न वुडलँड्सचा भाग आहे. सुमारे १ कोटी ६० लाख हेक्टरांवर पसरलेले, समशीतोष्ण प्रदेशातले जगातले सर्वांत मोठे शिल्लक विरळ वन. पावसानंतर सालमन गमचे बुंधे तांबूस गुलाबी चमकतात, गिम्लेटचे बुंधे पीळ दिल्यासारखे असतात. खाणींच्या भट्ट्यांसाठी आणि पंपांसाठी हे रान दशकानुदशके तोडले गेले; लाकूड वाहण्यासाठी खास रेल्वेमार्ग टाकले होते आणि त्यांतला शेवटचा १९६० च्या दशकात बंद झाला. आज उभे असलेले पुष्कळसे रान त्यानंतर पुन्हा उगवलेले आहे. गावातच कार्लकुर्ला नावाचे राखीव रान आहे. ज्या वेलीच्या फळावरून कॅलगूर्ली हे नाव पडले असे मानतात, त्याच फळाचे ते मूळ भाषेतले नाव.

घरटे

आम्ही पुण्याहून ऑगस्टच्या शेवटी पर्थला मुलीकडे जाणार आहोत. सोबत माझ्या सत्तरीच्या सासूबाई आणि नऊ वर्षांचा नातू असेल. इतका लांबचा मोटारप्रवास सासूबाईंना झेपणार नाही. रेल्वेने जाऊन तीन दिवसांत काय पाहता येईल? आणि नातवाला भूमिगत खाण पाहण्याची फार इच्छा आहे, ते सुरक्षित असते का?

भूगर्भ

घरटे, ऑगस्टचा शेवट हा अगदी योग्य काळ आहे. जानेवारीत दुपारचे सरासरी तापमान ३३-३४ अंश असते आणि चाळिशी ओलांडणारे दिवस अनेक असतात. ऑगस्टात दिवस सुखद, मात्र पहाटे पाच-सहा अंशांपर्यंत थंडी पडते, म्हणून सासूबाईंसाठी शाल आणि लोकरी मोजे अवश्य न्यावेत. पावसाने साथ दिली असेल तर रानफुलेही त्याच सुमारास फुलतात.

ईस्ट पर्थ स्थानकातून 'प्रॉस्पेक्टर' ही गाडी सात तासांच्या आत कॅलगूर्लीला पोहोचवते. तिकिटे आधी काढावीत.

पर्यटकांसाठी राखलेल्या जागी सर्व व्यवस्था सुरक्षित असते, तेथे नातवाला निःशंक न्यावे. आत काय काय खुले आहे ते आधी विचारून घ्यावे. परंतु गावाबाहेरच्या रानात, पायवाट सोडून, त्याचा हात एक क्षणही सोडू नये. त्या भागात सोडून दिलेल्या खाणींच्या जुन्या विहिरींची संख्या मोठी आहे. काहींची लाकडी झाकणे कुजलेली आहेत, काहींभोवती कुंपण उरलेले नाही, आणि काठची माती आतून पोकळ असू शकते. तसेच, हौसेने सोने शोधायचे असले तरी पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यासाठी 'मायनर्स राइट' नावाचा परवाना घ्यावा लागतो आणि दुसऱ्याच्या हक्काच्या जमिनीवर त्याच्या परवानगीशिवाय शोधता येत नाही.

नातवाला एक खरी घटना सांगा. मार्च १९०७ मध्ये कूलगार्डीजवळ बॉनीव्हेल येथील खाणीत मुसळधार पावसाचे पाणी शिरले. मोदेस्तो वारिस्केत्ती हा इटालियन कामगार वरच्या अंगाच्या एका पोकळीत कोंडलेल्या हवेच्या आधाराने अडकून राहिला. त्याच्या ठोकण्याच्या आवाजावरून तो जिवंत असल्याचे कळले. पर्थहून खास गाडीने पाणबुडे आणले गेले आणि फ्रँक ह्यूज या पाणबुड्याने त्या काळ्या पाण्यातून वाट काढत त्याच्यापर्यंत अन्न आणि दिवा पोहोचवला. नऊ दिवसांनी तो जिवंत बाहेर आला. वर्षाला २६० मिलिमीटर पावसाच्या प्रदेशात, पाण्याने कोंडलेल्या माणसाची ही गोष्ट आहे. पाणवठा यांच्या धाग्यात ती यायलाच हवी होती.

सांडणीस्वार

घरटे, एक दिवस कूलगार्डीसाठी ठेवा; अंतर ४० किलोमीटरच आहे. १८९८ च्या सुमारास हे पर्थ आणि फ्रीमँटलनंतरचे वसाहतीतले तिसरे मोठे गाव होते, आज तेथे हजारभरही माणसे राहत नाहीत. त्याच वर्षीची दगडी न्यायकचेरी अजून दिमाखात उभी आहे आणि तिच्यात संग्रहालय आहे. खाणींचे अधिकारी फिनर्टी यांचे १८९५ चे निवासस्थानही पाहण्याजोगे आहे. सासूबाईंना 'कूलगार्डी सेफ' जरूर दाखवा. जाळीच्या किंवा चौकटीच्या कपाटावर गोणपाट ताणलेले, वर पाण्याची परात, परातीतून खाली सोडलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी गोणपाट ओले राहते आणि वारा लागला की आतले लोणी-मांस थंड राहते. बर्फ नसलेल्या त्या गावात हा शोध लागला आणि पुढे देशभर गेला. आपल्या माठाचे आणि वाळ्याच्या पडद्यांचे तत्त्व तेच असल्यामुळे सासूबाई नातवाला ते आपणहून समजावून सांगतील.

निळी शाई

तिसऱ्या दिवशी बोल्डरला विसरू नका. १९८९ पर्यंत ते वेगळे नगर होते आणि त्याची बर्ट स्ट्रीट अजून वेगळी वाटते. २० एप्रिल २०१० च्या भूकंपात तेथील जुन्या इमारतींचे बरेच नुकसान झाले होते. तेथल्या १९०८ च्या नगरभवनात फिलिप गॉचर यांनी रंगवलेला रंगमंचाचा पडदा आहे, त्यावर नेपल्सच्या उपसागराचे दृश्य आहे. पाण्यासाठी आसुसलेल्या त्या गावात नाटकाला आलेल्या प्रेक्षकांसमोर प्रयोग सुरू होण्याआधी निळा समुद्र पसरलेला असे, हे डोळ्यांसमोर आणून पाहा. पडदा ठरावीक वेळीच खाली सोडतात, म्हणून आधी चौकशी करावी.

पाणवठा

सर्वांचे मनापासून आभार. रानपाखरू, तुम्ही लिहिलेले ग्वालिया वडिलांना वाचून दाखवले. पुढच्या खेपेस तेथे जायचे असे त्यांनी लगेच ठरवूनही टाकले आहे.

घरटे, तुमच्यासाठी क्रम असा सुचवतो. पहिल्या दिवशी गाडी दुपारी पोहोचेल. विश्रांती घेऊन सूर्यास्ताला माउंट शार्लट. दुसऱ्या दिवशी सकाळी संग्रहालय, दुपारी पर्यटकांची खाण किंवा सुपर पिट, सुरुंगाची वेळ जुळेल त्याप्रमाणे. तिसऱ्या दिवशी कूलगार्डी आणि परतताना बोल्डर. ग्वालिया आणि बॅलार्ड सरोवर यांचा मोह या खेपेस सोडावा, सासूबाईंना तो रस्ता त्रासाचा होईल. रेल्वेने जाणार असल्यामुळे मंडेरिंगचे धरण वाटेत लागणार नाही. पण ते पर्थपासून तासाभराच्या आतच आहे, तेव्हा मुलीला सांगून निघण्याच्या आदल्या दिवशी तेवढे पाहून घ्या. म्हणजे गाडीच्या खिडकीतून जलवाहिनी दिसली की ती कुठून निघाली हे नातवाला ठाऊक असेल.

हॅनन रस्त्यावर पॅडी हॅननचा १९२९ मधला पुतळा आहे. मूळ पुतळा नगरभवनात हलवला असून रस्त्यावर त्याची प्रतिकृती आहे. सोने शोधणाऱ्या या माणसाच्या हातात शिल्पकाराने पाण्याची पिशवी दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने त्या पिशवीतून पाणी प्यावे अशी योजना केली. नातवाचे छायाचित्र तेथे काढा आणि जमल्यास या धाग्यावर लावा.